दोन भावांत वाटलेली ऑस्टिन

रीडवेन गावात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या प्रिचर्डलाच लागतो. म्हणून तिथे माणसाला आडनावानं नाही, कामावरून ओळखतात. छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं चढवणारा तो मायरिग कौलं. डोंगरावर मेंढ्या राखणारा तो इडवाल मेंढ्या. आणि दरीतल्या पोरांच्या दोन पिढ्या शाळेत नेऊन सोडणारी ती नेस्ता बस. ही तिघं सख्खी भावंडं. मायरिग थोरला, इडवाल मधला आणि नेस्ता शेंडेफळ.

त्यांच्या वडिलांची, एम्रिस प्रिचर्डांची, एक काळी ऑस्टिन गाडी होती. १९३६ची. महायुद्धानंतर एका डॉक्टरकडून जुनीच घेतलेली. पण एम्रिस तिला असे जपत की त्यांच्या बायकोला कधी कधी वाटे, आपणही चार चाकांवर जन्माला यायला हवं होतं. शनिवारी गाडीची आंघोळ आणि रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना. पाय पेडलपर्यंत पोचू लागले तशी दोन्ही पोरग्यांच्या हाती किल्ली आली. नेस्तानं सतराव्या वर्षी किल्ली मागितली तेव्हा मात्र एम्रिस हसले. "तू मागे बस गं. आणि बूट पुसून बस."

नेस्ता मागे बसली, पण गप्प बसली नाही. गावच्या दगडखाणीच्या मुकादमाला लाडीगोडी लावून ती त्याच्या ट्रकवर गाडी शिकली आणि पुढे थेट बसची चालक झाली. दरीतली पहिली बाई. एम्रिस तिच्या बसमध्ये आयुष्यात एकदाच चढले. तिकीट काढून सगळ्यात मागे जाऊन बसले, चकार शब्द बोलले नाहीत. उतरताना मात्र पायरीवर थांबून म्हणाले, "गिअर बरा टाकतेस." नेस्ताला ते वाक्य निवृत्तीच्या समारंभातल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटत आलं होतं.

एम्रिस गेले. मृत्युपत्रात घर मायरिगला, डोंगरावरची चराईची जमीन इडवालला, आणि नेस्ताला भिंतीवरचं घड्याळ आणि आईचं शिवणयंत्र. गाडीबद्दल अवाक्षर नव्हतं. मायरिग म्हणाला, "माझ्या अंगणात उभी आहे म्हणजे माझी." इडवाल म्हणाला, "इतकी वर्षं हिला तेल-ग्रीस मी केलं, म्हणजे माझी." नेस्ताला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग एका रविवारी मायरिग चॅपलमध्ये छाती फुगवून गात असताना इडवाल ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावून गाडीचं इंजिन उचललं आणि चालता झाला. मायरिग घरी येऊन बघतो तर बॉनेट उघडं आणि आत भगदाड.

तिथून दोघांचं बोलणं तुटलं. बाजारात एक दिसला की दुसरा रस्ता ओलांडे. चॅपलमध्ये एक डावीकडे बसे, एक उजवीकडे. दोघं एकच स्तोत्र गात, पण एक दुसऱ्याच्या आधी संपवायला बघे. भाऊबंदकी गावाला नवी नव्हती. पण गाडीचे असे दोन तुकडे करून घेतलेले भाऊ दुसरीकडे कुठे नव्हते, आणि गाव पाहुण्यांना हे अभिमानानं सांगे.

नेस्ता निवृत्त झाली तेव्हा भावांचा हा अबोला वीस वर्षांच्या घरात गेला होता. पहिल्या महिन्यात तिनं घरातलं प्रत्येक कपाट रिकामं करून परत भरलं. मग शेजारच्या कायन्वेनच्या खिडक्यांचे पडदे मापात नाहीत असं तिला दिसू लागलं. कायन्वेन तोंडानं तिखट आणि मनानं लोणी, पण पडद्यांवर आल्यावर तिनंही ऐकवलं, "हिचं ते बसचं चाक परत हिच्या हातात द्या रे कुणीतरी. नाहीतर ही मलाच वळवायला लागेल."

अशातच एका सकाळी नेस्ता मायरिगकडे अंडी आणायला गेली. मायरिग तिला घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेला, ऑस्टिनचं मागचं दार ओढून उघडलं आणि सीटवरच्या पेंढ्यातून अंडी वेचू लागला. गाडीचं खुराडं करून त्याला आता बरीच वर्षं झाली होती. नेस्तालाही ते माहीत होतं. पण त्या दिवशी चालकाच्या सीटवर एक ठिपक्यांची कोंबडी ऐटीत बसली होती आणि काचेतून पुढे रस्त्याकडे बघत होती.

नेस्ता तिच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?" मायरिगनं विचारलं.

"ही कुठे निघालीय?"

"कोण?"

"मायरिग, मला ही गाडी दे."

"वेडी झालीस का? आणि कोंबड्या कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

"खुराडं मी बांधून देते. नवं. खिडक्यांसकट."

मायरिगनं अंडी टोपलीत ठेवली आणि बराच वेळ टोपीखाली डोकं खाजवलं. "नेलीस तर ने. पण त्या चोराचा हात हिला लागता कामा नये. एवढी एकच अट."

नेस्तानं खुराडं बांधलं. थोडं तिरकं झालं, पण कोंबड्यांनी तक्रार केली नाही. मग कायन्वेनच्या भाच्याच्या ट्रॉलीवर घालून गाडी नेस्ताच्या घरामागच्या शेडमध्ये आली, आणि गाव बघायला जमलं. दाराखालच्या पायऱ्या गंजून जाळी झाल्या होत्या. फळ्यांचा तळ कुजला होता. सीटमध्ये भरलेल्या घोड्याच्या केसांत उंदरांनी तीन-चार बाळंतपणं केली असावीत. कायन्वेननं नाकाला रुमाल लावून आत डोकावलं. "नेस्ता, ही गाडी नाही. हे कोंबड्यांचं माहेर आहे."

शहरात संध्याकाळी वेल्डिंगचा वर्ग चाले. नेस्तानं तिथे नाव घातलं. विशीतल्या पोरांच्या रांगेत ती चामड्याचा अंगरखा घालून उभी राही, आणि त्यातल्या निम्म्या पोरांना तिनंच कधीकाळी बसमध्ये 'खाली बस' म्हणून दटावलेलं होतं. तिचा पहिला सांधा बघून मास्तर म्हणाले, "हे वेल्डिंग आहे की कोंबडीची शीट?" नेस्ता खो-खो हसली. कोंबड्यांनी तिचा पिच्छा सोडायचं नाव घेतलं नव्हतं. पण हिवाळा सरेपर्यंत तिचा सांधा सरळ येऊ लागला आणि गाडीला नवा तळ, नव्या पायऱ्या बसल्या. आईच्या शिवणयंत्राला सीटचं नवं कातडं पेलेना, म्हणून टाके तिनं जाड सुईनं हातानंच घातले. अंगठ्याला भोकं पडली. तिला मजा येत होती. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती शेडमध्ये जाऊन गाडीच्या मडगार्डवर हात फिरवून येई.

राहिलं इंजिन. इडवाल वडिलांवर गेला होता. नाही म्हणाला की नाही. नेस्ता तीन वेळा गेली आणि तिन्ही वेळा त्यानं चहा पाजून परत पाठवलं. "त्याच्या गाडीत माझं इंजिन? मी मेल्यावर."

"गाडी माझी आहे आता."

"अंगण त्याचं होतं."

मग ऐन मेंढ्या व्यायच्या दिवसांत इडवाल ओल्या खडकावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, आणि डोंगरावर पोटुशा मेंढ्यांचा कळप. नेस्ता न बोलावता गेली. सगळा वसंत तिनं त्या गोठ्यात काढला. अडलेल्या मेंढ्या सोडवल्या, पोरकी कोकरं चुलीपाशी खोक्यात ठेवून बाटलीनं दूध पाजलं. इडवाल प्लॅस्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून दारातून हुकूम सोडी आणि ती त्यातले अर्धे ऐके. शेवटचं कोकरू आपल्या पायांवर उभं राहिलं त्या दिवशी इडवाल ओशाळून म्हणाला, "तुझं हे कसं फेडू गं?"

नेस्ता त्याच वाक्याची वाट बघत होती. "लोकरीच्या शेडमध्ये पोत्यांखाली काय आहे ते मला माहीत आहे."

इडवालनं तिच्याकडे बघितलं. मग तो हसला. "कोकरं विकत घ्यायला आलेला दलाल परवडला. ने. पण त्या कौलवाल्यानं त्याला बोट लावलं तर परत आणीन."

इंजिन दगडासारखं जाम झालं होतं. हँडल लावून दोन हातांनी जोर केला तरी हलेना. नेस्तानं प्लग काढून भोकांतून डिझेल आणि तेल ओतलं, वर फडकं टाकलं आणि वाट बघत बसली. रोज सकाळी एकदा हँडलला हात लावायचा, नाही हलत म्हटलं की परत तेल. आंबवत ठेवलेल्या पिठासारखं तिनं ते जपलं. आणि एका दिवशी हँडल नखभर सरकलं. नेस्तानं शेडमध्येच गिरकी घेतली आणि कायन्वेनला भिंतीवरून हाक मारली, "हललं!"

"काय हललं? भूकंप आहे का?"

बातमी दोन्ही भावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मायरिग मंगळवारी 'सहज' आला. इडवाल कुबडी टेकत शुक्रवारी 'सहज' आला. पुढच्या मंगळवारी मायरिग आला तो आपली हत्यारांची पेटी घेऊनच. हळूहळू वारच ठरून गेले. मंगळवारी मायरिग सांगाड्याचं आणि ब्रेकचं काम करी, शुक्रवारी इडवाल इंजिनाचं. व्हॉल्व्ह घासायची काठी दोन तळव्यांत धरून तो ती ताकातल्या रवीसारखी फिरवत बसे आणि तोंडानं सारखा पुटपुटे. एकमेकांशी बोलायचं नव्हतं, म्हणून दोघंही नेस्ताशी बोलत.

"त्या गाढवाला सांग," एका शुक्रवारी इडवाल म्हणाला, "ब्रेकच्या दांड्याची पिन उलटी घातलीय."

"तूच सांग."

"मी कशाला बोलू त्याच्याशी? मी काय रिकामा आहे?"

पण संध्याकाळी इडवाल गेल्यावर नेस्तानं पाहिलं तर ती पिन काढून सुलटी घातलेली होती. मंगळवारी मायरिग गाडीखाली सरपटत गेला. पिन त्यानं चाचपून बघितली. मग म्हणाला, "ह्या पिनीला तू हात लावलास?"

"नाही."

पान्याची खटखट झाली. "बरं झालंय," गाडीखालून उत्तर आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी इडवालला इंजिनाचे सगळे नट मापाप्रमाणे डब्यांत लावून ठेवलेले दिसले. तो म्हणाला, "नेस्ता, तुला कधीपासून असली शिस्त आली?" नेस्ता चहा गाळत राहिली.

रंगावरून मात्र रण पेटलं. मायरिगला नुसता काळा हवा होता, इडवालला खालच्या भागाला गडद लाल. दोघांनी दोन वेगवेगळ्या दिवशी तिला वडिलांची शपथ घातली. नेस्तानं दोघांचंही ऐकून घेतलं, मग काळा आणि हिरवा आणला. खळग्यांत लांबी भरून, घासून, एका शांत दुपारी तिनं स्वतःच फवारणी केली. पण रीडवेनमधल्या शांत दुपारी नुसत्या शांत नसतात, चिलटांच्या असतात. बॉनेटवरच्या ओल्या रंगात एक चिलट चिकटलं ते कायमचंच. कायन्वेन म्हणाली, "राहू दे. पहिला प्रवासी आहे."

सगळं झालं तरी एक काम वारांत बसत नव्हतं. इंजिन वर उचलून गाडीत उतरवायचं आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावर केसभर इकडे-तिकडे न होता सरकवायचं. एकानं साखळी ओढायची, एकानं खाली वाकून नेम धरायचा. नेस्तानं दोघांना शनिवारी एकाच वेळी बोलावलं आणि एकालाही दुसऱ्याचं सांगितलं नाही.

मायरिग आधी आला. इडवाल शेडच्या दारात उभा राहिला आणि तसाच वळू लागला. कायन्वेन विणकाम घेऊन स्टुलावर बसली होती, ती म्हणाली, "जा, जा. मी गावाला सांगते की इडवाल मेंढ्या साखळीला घाबरला."

इडवाल परत वळला.

इंजिन तुळईखालच्या साखळीवर चढलं. मायरिग साखळीपाशी, इडवाल पुढच्या चाकांमध्ये वाकलेला. दोघांत एका हाताचं अंतर.

"नेस्ता, त्याला सांग थोडं डावीकडे घ्यायला."

"नेस्ता, त्याला विचार, कुणाची डावी? त्याची की माझी?"

"नेस्ता, त्याला म्हणावं गाडीची डावी. लहान पोरालाही कळतं."

नेस्तानं हातातलं फडकं शांतपणे बाकावर ठेवलं. "मी चहा करायला जाते. इंजिन हवेत आहे आणि साखळी जुनी आहे. तुमचं तुम्ही बघा." आणि ती खरंच निघून गेली. जाताना तिनं कायन्वेनलाही दंडाला धरून बरोबर नेलं. कायन्वेनला ते मुळीच आवडलं नाही.

स्वयंपाकघराची खिडकी शेडकडेच उघडते. किटली गॅसवर ठेवून दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. किटली कुजबुजायला लागली. नेस्तानं गॅस बारीक केला. वाटलं, चुकलं आपलं. दोघं तसेच उभे राहतील, साखळी तुटेल आणि इंजिन जाईल फरशीत.

मग इडवालचा आवाज आला. बसलेला, जणू बराच काळ न वापरल्यामुळे गंजलेला. "थोडं खाली."

"किती थोडं?"

"थोडं म्हणजे थोडं. इंजिन उतरवतोयस, छपरावरून कौलं फेकत नाहीयेस."

"मला शिकवू नकोस. चोर कुठला!"

"चोर? ह्या गाडीत कोंबड्या कुणी घातल्या रे? बाबांच्या सीटवर!"

"मग काय करू? इंजिन नव्हतं, निदान अंडी तरी दिली तिनं!"

आणि मग बांध फुटला. रविवारची चोरी निघाली, अंगण निघालं, लहानपणी कुणी कुणाची सायकल ओढ्यात घातली होती ते निघालं, आईच्या अंत्यविधीला कुणी कुणाचा कोट घातला होता ते निघालं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं भसाभस बाहेर येत होतं आणि त्याच्या अधूनमधून "जरा वर", "धर, धर", "माझं बोट आहे ते, मूर्खा!" असंही चाललं होतं. कायन्वेनच्या विणकामाचे टाके गळाले. ती कुजबुजली, "मारतील का गं एकमेकांना?"

तेवढ्यात खट् असा भरीव आवाज झाला.

"बसलं," मायरिग म्हणाला.

"बसलं," इडवाल म्हणाला.

नेस्तानं खाऊच्या डब्यातून 'बारा ब्रिथ' हा बेदाण्यांचा गोड पाव काढला आणि त्याचे जाड जाड काप करून लोणी फासलं. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून लोणी जरा जास्तच लागलं. ती ट्रे घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा दोघं भाऊ गाडीच्या एकाच पायरीवर टेकून बसले होते आणि ग्रीस कुणाच्या हाताला जास्त लागलंय यावरून वाद घालत होते.

गाडी सुरू करायचा दिवस उजाडला तेव्हा निम्मं गाव कुंपणाशी होतं. इडवालनं कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडलं, मायरिगनं हँडल फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. गाडीनं मागून तोफ डागली, कुंपणावरच्या बायका किंचाळल्या आणि वरच्या रानातल्या मेंढ्या चौखूर उधळल्या. दोघं भाऊ एकमेकांवर ओरडू लागले. नेस्ता बॉनेटमध्ये वाकली, एकेका वायरीवर बोट ठेवत गेली आणि म्हणाली, "प्लगच्या ह्या दोन वायरींची अदलाबदल झालीय."

"ह्यानं लावल्या," दोघं एकदम म्हणाले.

तिनं वायरी बदलल्या आणि हँडल स्वतःच्या हातात घेतलं. अंगठा बाजूला ठेवून तिनं ते वर ओढलं. इंजिन खोकलं, गुरगुरलं, निळ्या धुराचा लोट सोडला आणि चालू लागलं. आधी अडखळत, मग एकसारखं. सबंध शेड थरथरत होतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मायरिगनं टोपी काढली. इडवाल नुसताच बॉनेटवर तळवा ठेवून उभा होता, जसा तो आजारी मेंढीच्या बरगडीवर ठेवतो.

मग दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की चालकाचं दार उघडं आहे. दोघं निघाले आणि दारात एकमेकांवर आदळले.

"बाजूला व्हा," नेस्ता म्हणाली. "मागे बसा दोघंही. आणि बूट पुसून बसा."

कायन्वेन पुढे तिच्या शेजारी बसली, मांडीवर पर्स, डोक्यावर चॅपलची टोपी. गाडी कुंपणाबाहेर पडली आणि खिंडीच्या रस्त्याला लागली. चाक जड होतं, ब्रेकवर जवळजवळ उभंच राहावं लागत होतं, आणि वळण दाखवायला दाराजवळून बाहेर येणारी दिव्याची पट्टी एकदा बाहेर आली ती आत जाईचना, स्वागताला धरलेल्या हातासारखी तशीच राहिली. नेस्ता गिअर बदलत चढावर चढत होती. इतकी वर्षं तिनं हाच रस्ता चाळीस पोरांचा गोंगाट पाठीवर घेऊन कापला होता. आज पाठीवर दोनच होती, पण गोंगाट तितकाच होता.

"दुसरा टाक, दुसरा!"

"अरे, तिला कळतंय, पहिलाच राहू दे!"

"दोघंही उतरून चालत या," नेस्ता म्हणाली, आणि दोघं गप्प झाले.

खिंडीच्या माथ्यावर रेडिएटरचं पाणी उकळलं. त्या वयाच्या गाडीनं तेवढं करायचंच. ती निवेपर्यंत चौघंही दगडी भिंतीवर बसली. खाली एका बाजूला रीडवेनची ओळीनं लावलेली धुराडी, दुसऱ्या बाजूला लांबवर समुद्राची पांढरी रेघ. इडवाल तिकडे बघत म्हणाला, "समुद्रावर गेल्याला किती वर्षं झाली रे आपल्याला?"

"तुला झाली असतील," मायरिग म्हणाला. "मला वेळच कुठे होता?" मग टोपी सारखी करत, "मलाही झाली."

नेस्तानं रेडिएटरमध्ये बाटलीतलं पाणी ओतलं आणि गाडी समुद्राच्या बाजूला उतरवली. किनाऱ्यावर त्यांनी कागदात गुंडाळलेले गरमागरम तळलेले मासे आणि बटाट्याचे काप खाल्ले. मायरिगचा एक मासा सीगलनं उचलून नेला. इडवाल इतका हसला की कायन्वेनला त्याची पाठ थोपटावी लागली, आणि मग त्यानं आपला अर्धा मासा मोडून भावाच्या कागदात टाकला.

आता दोघंही रोज नेस्ताकडे येतात. मंगळवार-शुक्रवार संपले. सकाळी शेडचं दार उघडायच्या आधीच ते दारात असतात, आणि गाडीला काही झालेलं नसलं तरी तिचं काय बिघडलंय यावर दुपारपर्यंत भांडतात. चहा तिचा, बिस्किटं तिची. अगदीच कान किटले की नेस्ता टोपी घालते, कायन्वेनला भिंतीवरून हाक मारते आणि गाडी काढून निघून जाते. मागे शेडमध्ये दोघं भांडत राहतात. बऱ्याचदा गाडी गेल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही.